चिंचेतले दोन च

वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

मागच्या अंकात एका उत्तरात मी सहज लिहून गेले होते की कर्णबधिर माणूस नवा शब्द डोळ्यांनी शिकतो आणि मग तो तोंडाने म्हणायची वेळ आली की अडकतो. त्या एका ओळीवर इतकी पत्रं आणि मेल आले की हा अंक त्याच विषयाला द्यायचं ठरवलं. चार पत्रं घेतलीयेत, नावं कुणाचीच छापलेली नाहीत. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, मी स्वतः वयाच्या तिसऱ्या वर्षी तापानंतर ऐकू येणं गमावलंय आणि पुढे २४ वर्षं कर्णबधिर मुलांना भाषा शिकवलीये, त्यामुळे खालची उत्तरं दोन्ही बाजूंनी आलीयेत असं समजा.

"दोन वर्षं मी तो शब्द चुकीचा म्हणत होते"

*ताई, मी २६ वर्षांची आहे, जन्मापासून कर्णबधिर, दोन्ही कानांना मशीन आहे, ओठ वाचते आणि बोलते. एका पतसंस्थेत नोकरी करते. काउंटरवर रोज लोकांना सांगावं लागतं की रिसीट घेऊन जा. मी ते रिसीप्ट असं म्हणायचे, कारण इंग्लिश स्पेलिंगमध्ये पी आहे. दोन वर्षं रोज म्हणत होते. मागच्या महिन्यात नवीन आलेला एक मुलगा माझी नक्कल करताना मला दिसला, त्याचे ओठ मला वाचता येतात हे त्याच्या लक्षात नव्हतं. मग मी मैत्रिणीला विचारलं तर ती म्हणाली अगं हो, सगळ्यांना माहितीये, पण आम्हाला समजायचं ना, म्हणून कशाला सांगायचं. तेव्हापासून मी पावतीच म्हणते. नवीन शब्द आला की तो टाळून सोपा शब्द शोधते. मीटिंगमध्ये बोलणं जवळजवळ बंद केलंय. असं सगळ्यांचंच होतं का? मी काय करू?*

तुझं पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा "दोन वर्षं" या शब्दांपाशी थांबले. तू पी वाचलास आणि पी म्हणालीस, यात लाज वाटण्यासारखं काहीच नाही, पहिल्यांदा तो शब्द कागदावर बघणारं कुणीही हेच म्हणेल. चुकले असतील तर शेजारी बसणारे चुकले. दोन वर्षांत एकालाही असं वाटलं नाही की एका चिठोऱ्यावर "रिसीट" असं लिहावं आणि तुझ्यापुढे सरकवावं. सांगितलं तर हिला वाईट वाटेल, असा त्यांचा विचार असणार, मला खात्री आहे. त्यांच्या मनात वाईट नव्हतं. पण या समजून घेण्याचा मला स्वतःला नक्कल करणाऱ्यांपेक्षा जास्त त्रास झालाय, कारण नक्कल झाल्याचं निदान कधीतरी दिसतं, लोक गप्प राहिलेत हे कसं दिसणार?

असं सगळ्यांचं होतं का, तर हो, होतं. माझ्या ओळखीत एकही बोलणारा कर्णबधिर माणूस असा नाही ज्याच्याकडे तुझ्यासारखी एक तरी गोष्ट नाही. ऐकू येणाऱ्यांचंही होतं गं, पुस्तकात वाचून कुणी बुफेट म्हणतं, कुणी वेडनेसडे म्हणतं. फरक एवढाच की त्यांच्या कानावर चार दिवसांनी तोच शब्द कुठेतरी पडतो, बसमध्ये, टीव्हीवर, शेजारच्या टेबलावर, आणि ते मनातल्या मनात सुधारून घेतात, कुणाला पत्ताही लागत नाही. आपल्याकडे तो चार दिवसांनंतरचा शब्द येतच नाही, म्हणून जो उच्चार पहिल्यांदा बसतो तो दोन वर्षं टिकतो, कधी वीस वर्षंसुद्धा.

आता कुणी म्हणेल ओठ वाचता येतात ना, मग बघून शिकायचं. हे म्हणणाऱ्याला आरशासमोर उभं करायचं आणि आवाज न काढता बाबा, मामा, पापा असं म्हणायला लावायचं. तिन्ही एकसारखे दिसतात. ओठ मिटतात, उघडतात, परत मिटतात, बस. ब मध्ये घसा थरथरतो, म मध्ये आवाज नाकातून जातो, हे सगळं आत चाललेलं असतं. क ख ग घ तर पार मागे घशाजवळ, ट ठ ड ढ ण ळ मध्ये जीभ वर वळते ती बाहेरून कुणाला दिसणार. माहीत असलेला शब्द असेल तर आपण संदर्भावरून ओळखतो, घरात बाबा आलेत की मामा आलेत हे आपल्याला ठाऊक असतं. अनोळखी शब्दाला संदर्भच नसतो, तिथे ओठ बघून हाती अर्धा शब्द लागतो आणि उरलेला आपण अंदाजाने भरतो.

माझा स्वतःचा शब्द सांगते, चिंच. मी दहा-अकरा वर्षांची होईपर्यंत चिंच मधले दोन्ही च एकसारखे म्हणायचे, चहातल्या च सारखे. लिहिताना अक्षर एकच आहे, मग उच्चार दोन कसे असतील, मला कधी शंकासुद्धा आली नाही. शाळेत बाईंनी नाही, घरात कुणी नाही, एक दिवस आजीने पकडलं. ती आमटीसाठी कोळ काढत बसली होती, मला म्हणाली आ कर, आणि बोटाला लागलेला कोळ तिने माझ्या वरच्या दातांच्या मागे, हिरडीला, टेकवला. आंबट कळ डोक्यात गेली. मग माझा हात स्वतःच्या तोंडासमोर धरून तिने पहिला च म्हटला, मग दुसरा, आणि दुसऱ्याला हवेची बारीक धार माझ्या तळहातावर लागली, पहिल्यापेक्षा पातळ, टोकदार. जीभ आंबट जागी लाव, एवढंच ती म्हणाली. पहिल्या च ला तालव्य आणि दुसऱ्याला दंततालव्य म्हणतात, आजीला हे शब्द माहीत नव्हते. खूप नंतर मी स्पीच थेरपिस्टना बघितलं तेव्हा कळलं की तेही जिभेला जागा दाखवायला तिथे मध लावतात. आणि गंमत बघ, "चिंचेचा कोळ" म्हटलं की मधला च परत चहातल्यासारखा होतो आणि शेवटचा चाकातल्यासारखा. तीन च, अक्षर तेच. जग म्हणजे दुनिया आणि जग म्हणजे जगून दाखव, यात ज वेगळा. माझा मधला झ वेगळा, माझी मधला वेगळा. हे कुठल्याही पाटीवर लिहिलेलं नसतं, ऐकणारी मुलं दोन वर्षांची असताना नकळत उचलतात.

लोक म्हणतात मराठी जशी लिहितात तशी बोलतात. बरंचसं खरं आहे आणि आपल्यासाठी हा फार मोठा आधारही आहे. पण मग सिंह लिहून सिंव्ह म्हणतात, संरक्षण लिहून संव्रक्षण म्हणतात, ब्राह्मण लिहून ब्राम्हण म्हणतात. एका कार्यक्रमात मी वाचन करत होते आणि संरक्षण मधला टिंब अगदी लिहिल्याबरहुकूम न सारखा म्हटला, तर पहिल्या रांगेतले एक गृहस्थ बायकोकडे बघून हसले. मी लिहिलेलं वाचत होते! आणि हेही म्हणते की आपल्याकडे उच्चारावरून माणूस जोखायची सवय फार जुनी आहे, पानी म्हटलं की हसणारे लोक ऐकू येणाऱ्यांनाही सोडत नाहीत, गावाकडच्या मुलामुलींना विचारा. कर्णबधिर माणूस त्या सवयीत आयताच सापडतो.

आता काय करायचं. एक माणूस निवड. एकच, जिच्यावर तुझा विश्वास आहे, ती मैत्रीणसुद्धा चालेल, आणि तिला स्पष्ट सांग की यापुढे मी शब्द चुकीचा म्हटला की त्याच दिवशी मला सांगायचं, चारचौघांत नाही, फोनवर मेसेज करून, आणि देवनागरीत लिहून, तोडून, रि-सीट, असं. देवनागरीत का, तर इंग्लिश शब्दाचा उच्चार आपल्याला डोळ्यांनी दाखवणारी याच्याएवढी चांगली सोय दुसरी नाही. मी परदेशी गावांची आणि खेळाडूंची नावं आयुष्यभर मराठी पेपरातून शिकले, इंग्लिश पेपर वाचून ती मला कधीच म्हणता आली नसती. जुन्या इंग्लिश-मराठी शब्दकोशांत शब्दापुढे उच्चार देवनागरीत छापलेला असतो, असा एखादा मिळाला तर टेबलावर ठेव.

बोललेलं लिहून दाखवणारी ॲप्स आहेत ती वापरून बघ, पण एक लक्षात ठेव. ती मुख्यतः ऐकणाऱ्या लोकांच्या आवाजावर तयार झालीयेत, आपला आवाज त्यांना नीट कळत नाही, त्यामुळे ॲपने भलतंच लिहिलं तर लगेच आपला उच्चार चुकला असं धरून बसायचं नाही. समोरच्या माणसाचं बोलणं वाचायला ती चांगली, आपल्याला मार्क द्यायला नाहीत.

आणि पावती हा सुंदर शब्द आहे, खुशाल म्हण, पण आवडतो म्हणून म्हण. भीतीने शब्द टाळायला लागलं की आज रिसीट जातो, उद्या दुसरा, आणि मग डोक्यात हजार शब्द असून माणूस दोनशे शब्दांत बोलत राहतो. मी हे केलंय, माझी विशीतली चार-पाच वर्षं त्यात गेली. पुढच्या मीटिंगमध्ये नवा शब्द वापर आणि लगेच विचार, बरोबर म्हटला का मी? पहिल्यांदा छातीत धडधडेल. पण तू विचारलंस की समोरच्याला गप्प राहता येत नाही, त्याला उत्तर द्यावंच लागतं.

"जेवताना तो आता बोलतच नाही"

*नमस्कार ताई. माझा मुलगा आठ वर्षांचा आहे, तिसऱ्या वर्षी कॉक्लिअर इम्प्लांट (ऑपरेशन करून कानाच्या आत बसवतात ते यंत्र) केलं. बोलतो छान. पण नवीन शब्द आला की अक्षरं गाळतो किंवा उलटसुलट करतो. आम्हाला सांगितलं होतं की सतत सुधारत राहा म्हणून आम्ही घरी प्रत्येक शब्द सुधारतो. शाळेत बाई त्याला उभं करून नवा शब्द दहा वेळा म्हणायला लावतात, मुलं हसतात. हल्ली तो जेवताना काही बोलत नाही, विचारलं तर हो-नाही करतो. एवढा खर्च करून ऑपरेशन केलं आणि आता मुलगा गप्प झाला. आमचं काय चुकलं? – एक आई, नाशिक*

ताई, तुमचा हेतू चुकला नाही, पद्धत बदलावी लागेल. जेवणाचं ताट ही त्याची शिकवणी नाही, हे आज रात्रीपासून घरातल्या सगळ्यांनी ठरवून टाका. दिवसभर शाळेत त्याने डोळे आणि कान ताणलेले असतात, संध्याकाळपर्यंत तो दमलेला असतो. त्यात "आज मला मैदानावर अमुक दिसलं" असं सांगायला तोंड उघडावं आणि आईने शब्द दुरुस्त करावा, मग बाबांनी, मग ताईने, असं चार वेळा झालं की कुठलंही मूल गप्प होईल.

इम्प्लांटमधून त्याला काय मिळतं ते आधी समजून घ्या. निरोगी कानाच्या आतल्या शंखात आवाज मेंदूकडे पाठवणाऱ्या आतल्या बाजूच्या केसपेशी साधारण साडेतीन हजार असतात. इम्प्लांटच्या तारेवर कंपनीप्रमाणे साधारण १२ ते २२ इलेक्ट्रोड, म्हणजे विजेचे ठिपके, असतात. म्हणजे साडेतीन हजारांचं काम वीसेक ठिपक्यांवर चाललंय, आणि तरी तो बोलतो, हे किती मोठं काम त्याचा मेंदू करतोय बघा. ओळखीचा शब्द असेल तर गाळलेल्या जागा मेंदू आठवणीने भरतो. अनोळखी शब्दाला भरायला आत काहीच नसतं. त्यात वर्गात पंखा, बाकांचा आवाज, मागच्या मुलांची कुजबुज. तो अक्षरं गाळत नाहीये, ती अक्षरं त्याच्यापर्यंत पोचलेलीच नाहीत. दहा वेळा म्हणायला लावून न पोचलेलं अक्षर कसं येणार? चुकीचाच शब्द दहा वेळा पक्का होतो, शिवाय हसू मिळतं ते वेगळं.

मग करायचं काय. शब्दाचा अर्थ आधी, उच्चार नंतर. नवा शब्द आला की त्याला लिहून दाखवा, मोठ्या अक्षरात, तोडून, आणि त्याच्यासोबत वस्तू किंवा चित्र. कालवा हा शब्द शिकवायचा तर गंगापूर धरणाच्या बाजूला जाऊन कालवा दाखवा, पाण्यात हात घालू द्या, मग नाव द्या. तो बोलताना चुकला तर थांबवू नका, तुमच्या उत्तरात तो शब्द बरोबर वापरा. तो म्हणाला "कावला पाहिला", तर तुम्ही "हो का, कालवा पाहिलास? कालव्यात पाणी होतं का?" असं म्हणा. गोष्ट पुढे जाते आणि बरोबर शब्द दोनदा त्याच्यासमोर येतो. उच्चारासाठी दिवसातून दहा मिनिटं वेगळी ठेवा, आरशासमोर, खेळासारखी. प आणि फ साठी तोंडासमोर कागदाची पट्टी धरा, फ ला ती जास्त उडते. ब आणि प साठी त्याचा हात तुमच्या गळ्यावर ठेवा, म साठी नाकाच्या बाजूला. ळ साठी घाई करू नका, तो भल्याभल्यांना उशिरा येतो. आणि दहा मिनिटं झाली की संपलं, अकरावं मिनिट नाही.

शाळेत जाऊन बाईंशी बोला, भांडू नका, पण ठामपणे बोला. त्यांनी नवे शब्द आदल्या दिवशी लिहून घरी पाठवले तर मुलगा दुसऱ्या दिवशी ते ओळखीचे म्हणून ऐकेल, एवढ्याने निम्मं काम होतं. त्यांना सांगा की उभं करून म्हणायला लावू नका. भाषांचं ओझं जास्तच झालं तर २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात कलम १७ आहे, त्यात अभ्यासक्रम आणि परीक्षेत बदल, जादा वेळ, दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट, हे सगळं नाव घेऊन लिहिलेलं आहे. सूट लगेच घ्याच असं मी म्हणत नाही, ज्या मुलाला भाषा आवडते त्याची भाषा काढून घेऊ नये. पण दार आहे हे माहीत असू द्या.

आणखी एक, तुम्ही विचारलं नाहीत तरी लिहिते. खुणांची भाषा शिकवली तर मुलगा बोलायचं सोडेल अशी भीती कुणीतरी तुमच्या मनात घातलेली असू शकते, बहुतेक आईवडिलांच्या मनात असते. १८८० साली इटलीत मिलानला बधिरांच्या शिक्षकांची परिषद भरली, तिथे ठराव झाला की शाळांत खुणा नकोत, फक्त बोलणं शिकवायचं, आणि त्या ठरावाचे परिणाम जगभरातल्या मुलांनी शंभर वर्षांवर भोगले, हात पाठीमागे बांधून बसवलेली मुलं कित्येक देशांत होती. २०१० साली कॅनडात व्हँकुव्हरला त्याच परिषदेने त्याबद्दल जाहीर खेद व्यक्त केला. माझ्या वर्गातला अनुभव असा की ज्या मुलाला नव्या शब्दाची खूण आधी कळते तो उच्चाराला घाबरत नाही, कारण तोंडाने चुकलं तरी अर्थ हातात सुरक्षित असतो. दिल्लीच्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन आणि प्रशिक्षण केंद्राने सुमारे १०,००० शब्दांचा खुणांचा कोश केलाय, व्हिडिओ बघायला पैसे पडत नाहीत. रोज रात्री दोन खुणा अख्ख्या घराने शिका. आजीआजोबांनीसुद्धा. जेवताना तोंडात घास असला तरी त्याला गोष्ट सांगता येईल.

"बाबांच्या शब्दांना १९९४ मध्येच कुलूप लागलं"

*ताई, माझे वडील ६८ वर्षांचे आहेत. १९९४ मध्ये टीबीच्या इंजेक्शनांनंतर त्यांचं ऐकू येणं गेलं. तोपर्यंतचं त्यांचं मराठी अस्सल सातारी, आजही स्पष्ट बोलतात. पण त्यानंतर आलेले सगळे शब्द ते विचित्र म्हणतात. पेटीएमला पायटम, वायफायला विफी. नातवंडं हसतात, बाबाही हसतात, पण मला वाटतं त्यांना लागतं. सुधारावं की सोडून द्यावं? शिवाय हल्ली ते फार मोठ्याने बोलतात आणि त्यांचा स पण बदललाय.*

तुमच्या ओळीने मला रडवलं, खरंच कुलूप लागल्यासारखंच आहे ते. त्यांच्या कानाने मोबाईल हा शब्द कधी ऐकलेला नसणार, लॉकडाऊन तर नाहीच. गेल्या तीस वर्षांत मराठीत किती शब्द आले ते मोजा, ते सगळे या माणसाने एकट्याने, कागदावरून, अंदाजाने उभे केलेत. पायटम हा त्या स्पेलिंगचा अगदी तर्कशुद्ध उच्चार आहे.

सोडून देऊ नका. त्यांना विचारा, बाबा, मी सांगत जाऊ का? हो म्हणाले तर सांगा, आणि माझा अंदाज आहे की ते हो म्हणतील, तुम्ही इतकी वर्षं सांगितलं नाहीत याचंच त्यांना जास्त वाटेल. एक वही करा, डावीकडे इंग्लिश शब्द जसा दुकानावर दिसतो तसा, उजवीकडे देवनागरीत उच्चार. नातवंडांनाच वही भरायला बसवा. आजोबांनी त्यांना जात्याच्या, मोटेच्या, बैलगाडीच्या भागांची नावं शिकवावीत, मुलांना तेही शब्द म्हणता येत नाहीत, मग हसणं आपोआप दोन्ही बाजूंनी होईल.

आवाज आणि स बद्दल. आपण बोलताना स्वतःचं बोलणं ऐकत असतो आणि क्षणाक्षणाला सुधारत असतो, ते ऐकणं गेलं की वर्षानुवर्षांनी आवाजाची पट्टी आणि काही व्यंजनं सरकतात. स मध्ये आधी फरक पडतो, तो फार वरच्या पट्टीतला ध्वनी आहे, साधारण ४,००० हर्ट्झच्या वर, आणि इंजेक्शनांमुळे कान जातो तेव्हा बहुतेक वेळा वरची पट्टीच आधी जाते. यावर वयाच्या ६८ व्या वर्षीही स्पीच थेरपीचा उपयोग होतो. मुंबईला येणं जमत असेल तर वांद्रे रिक्लेमेशनला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे, १९८३ पासून, तिथे कानाची तपासणी आणि थेरपी दोन्ही होतं. मोठ्याने बोलायला लागले की ओरडू नका, हाताने हळूच खाली अशी खूण करा, घरातली एक खूण ठरवून घ्या. ते चिडणार नाहीत.

"समजलं नाही तरी मी मान डोलावतो"

*आमचं औषधांचं दुकान आहे, कोल्हापूर. एक मूकबधिर गिऱ्हाईक नेहमी येतात, थोडं बोलतात. औषधाचं नाव सांगतात ते मला कळत नाही, परत परत विचारलं तर त्यांना वाईट वाटेल म्हणून मी अंदाजाने बाटली काढून दाखवतो. बरोबर करतोय का?*

दादा, तुम्ही विचारलंत हेच खूप आहे. पण अंदाज करू नका, औषधात तर मुळीच नको. मेटफॉर्मिन साखरेचं, मेट्रोनिडाझोल पोटाच्या इन्फेक्शनचं, दोन्हींची सुरुवात ओठांवर आणि कानाला सारखीच. ही नावं ऐकू येणाऱ्यांनाही म्हणता येत नाहीत, तुम्हाला रोज अनुभव असेल, ते फक्त चिठ्ठी पुढे करतात. तुमचं गिऱ्हाईक ते नाव तोंडाने म्हणायचा प्रयत्न करतंय, मग ते मूक कसं? कर्णबधिर म्हणा, आमच्यातल्या बऱ्याच जणांना तो शब्द बरा वाटतो.

मान डोलावणं आम्हाला ओळखू येतं. डोळे चुकीच्या वेळी हलतात. त्यापेक्षा सरळ सांगा, कळलं नाही, लिहून देता का, आणि काउंटरवर पॅड आणि पेन कायम ठेवा. जुनी स्ट्रिप घेऊन या म्हणावं, किंवा फोनवर फोटो. बोलताना तोंडावर उजेड असू द्या, उन्हाकडे पाठ करून उभे राहिलात तर तुमचा चेहरा काळा दिसतो आणि ओठ वाचता येत नाहीत, मास्क असेल तर बोलताना तेवढा वेळ खाली घ्या. आणि औषध दिलं की त्याच कागदावर त्या इंग्लिश नावाखाली देवनागरीत लिहा, मेट-फॉर-मिन, एकदा त्यांच्याकडे बघत सावकाश म्हणा आणि तो कागद त्यांना घरी नेऊ द्या.